मार्क १:४०-४५ : आधी स्पर्श, मग शब्द. मनन कसं बांधावं?

खानापूर_तरुणसंघ
सर्वांना सलाम. रविवारच्या सायंउपासनेत या उताऱ्यावर (येशू कुष्ठरोग झालेल्या माणसाला हात लावून बरं करतो) मनन द्यायचं आहे, विषय देवाची प्रीती, वेळ १२ मिनिटं. मंडळी निम्मी मराठी, निम्मी कन्नड. 'रोग बरा केला, म्हणून प्रीती' याच्यापुढं मुद्दा सरकत नाही. कुष्ठरोग म्हणजे पाप, असं जोडलं तर चालेल का?

हिंडलगा_वाचक
४१व्या वचनातला क्रम बघा की: कळवळा, पुढं केलेला हात, स्पर्श, आणि शेवटी 'माझी इच्छा आहे, शुद्ध हो'. माणूस अजून अशुद्धच आहे तेव्हा हात लागलाय. आता मत्तय ८ उघडा. तिथं १ ते ४ वचनांत हीच घटना आहे आणि लगेच ५ ते १३ मध्ये शताधिपतीचा (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा) चाकर दुरूनच, नुसत्या शब्दानं बरा होतो. मग रोग घालवायला स्पर्श लागतच नव्हता. तो त्या माणसाला लागत होता.

का, ते लेवीय (जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक) १३:४५-४६ मध्ये आहे: फाटकी वस्त्रं, मोकळे केस, वरचा ओठ झाकलेला, 'अशुद्ध, अशुद्ध' अशी आरोळी, छावणीबाहेर एकट्यानं राहणं. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी म्हणूनच दूर उभे राहून हाक मारतात. हा मात्र जवळ येऊन गुडघे टेकतो. येशूच्या सामर्थ्याबद्दल त्याला शंका नाही, 'आपली इच्छा असली तर' एवढंच अडलंय. उत्तर नेमकं तिथंच येतं. कन्नड बायबलात तिथं 'मनस्सुंटु' आहे, म्हणजे 'मन आहे'. तुमच्या मंडळीत हा एक शब्द दोन्हीकडं पोचेल.

निपाणी_आरोग्यसेवक
पाप अजिबात जोडू नका. उताऱ्यात पापाचा शब्दही नाही, आणि बाकावर एखादा बरा झालेला पेशंट बसलेला असू शकतो. लेवीय १३-१४ मधला 'कुष्ठ' कापडावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो, त्यामुळं तो आजचाच आजार असं धरता येत नाही. आजच्या कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. एमडीटीच्या (अनेक औषधांच्या एकत्र उपचाराच्या) गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. हस्तांदोलनानं तो लागत नाही. तेव्हा 'येशूनं संसर्गाचा धोका पत्करला' असं वाक्यही नको. बोलताना 'महारोगी' नको, 'कुष्ठरोग झालेला माणूस' म्हणा.

बेळगाव_शास्त्रपाठ
वरच्याशी सहमत, पण ४४-४५ सोडू नका, बहुतेक वक्ते घाईत त्याआधीच थांबतात. 'जाऊन याजकाला दाखव' हा नुसता नियम नव्हे. लेवीय १४ प्रमाणं दोन पक्षी, सात दिवस तंबूबाहेर, आठव्या दिवशी अर्पणं, आणि मग कुठं माणूस घरात, पंगतीत परत. गरिबाला तीन कोकरांऐवजी एकच कोकरू आणि दोन पारवे किंवा होले चालत. त्वचा क्षणात बरी झाली तरी समाजात परतायला याजकाचा शब्द लागायचा, म्हणून येशू त्याला तिकडं धाडतो. तो मात्र गाजावाजा करतो आणि ४५व्या वचनात उलटंच होतं: बाहेरचा आत येतो, येशूला उघडपणं गावात जाता येत नाही, तो ओसाड जागी राहतो. जागांची ही अदलाबदल मला उताऱ्याचा गाभा वाटते. धोका म्हणायचा तर हा.

काही जुन्या हस्तलिखितांत 'कळवळा'च्या जागी 'राग' आहे. कुणी विचारलंच तर सांगा, मननात नको.

खानापूर_तरुणसंघ
मनापासून आभार. स्पर्शाला ५ मिनिटं, लेवीय ३, ४४-४५ ला ४, असं धरतो.

हिंडलगा_वाचक
कन्नडमध्ये दुभाषी उभा राहणार असेल, तर तुमच्या हातात १२ नाहीत, ६ मिनिटं आहेत. लेवीयमधलं फक्त 'छावणीबाहेर एकट्यानं' एवढंच ठेवा, आणि दुभाष्याला वचनं शनिवारीच द्या.