मदत हवी आहे: गावातल्या इंटरनेटची नोंद कुठे तपासायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फायबरची पेटी बसवून बरेच दिवस झाले. तिचा हिरवा दिवा लागलेला मी अजून पाहिला नाही, खालची वायर उंदरांनी कुरतडलीय. कागदावर मात्र गाव जोडलेलं! शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला पोरी रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढतात. बघवत नाही.

अमेरिकेत २०२० साली ब्रॉडबँडच्या नकाशाचा कायदा झाला. नकाशात दाखवलेली सेवा घरी मिळत नसेल तर तिथं साध्या ग्राहकालाही हरकत घेता येते. आपल्याकडं असा रस्ता आहे का?

मी माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. ग्रामपंचायतींना फायबरनं इंटरनेट जोडणाऱ्या भारतनेट योजनेला पैसा केंद्राच्या डिजिटल भारत निधीतून येतो, मग अर्ज दिल्लीला करू की जिल्ह्याला? चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत पुढं पाठवावा लागतो, तरी हेलपाटा नको वाटतो.

लातूर, परभणी, हिंगोलीकडं कुणी असा अर्ज केलाय का? नेमकं काय मागितलं, जोडणीची तारीख की बंद दिवसांची नोंद? अर्जाचा मजकूर इथं टाकला तर फार उपकार होतील.