मदत हवी आहे: एकमत ९२ टक्के, तरी कप्पा ०.४६. पुढे काय करावं?

मुलाखतींचं कोडिंग (उताऱ्यांना विषयानुसार कोड म्हणजे लेबल लावणं) करणाऱ्या अर्धवेळ संशोधन सहाय्यकांना प्रश्न आहे. दोन सहाय्यक, एक कोडबुक (कोडांच्या व्याख्यांची यादी), १०० उतारे. दोघांनी एकमेकांचं न बघता कोडिंग केलंय. 'कामाच्या ठिकाणचा अपमान' हा कोड दोघांनीही लावलेले उतारे ४, दोघांनीही न लावलेले ८८, एकानेच लावलेले ८ (प्रत्येकी ४). एकमत ९२ टक्के, पण कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळणारा भाग वजा करून मोजलेलं एकमत) जेमतेम ०.४६.

कोड दुर्मीळ आहे, त्यामुळे योगायोगाने जुळण्याचं अपेक्षित प्रमाणच ०.८५ होतं आणि कप्पा पडतो, हे माहीत आहे. पण सगळं खापर सूत्रावर फोडता येत नाही. कोड लागलेल्या १२ उताऱ्यांपैकी ८ वर मतभेद आहेत! त्यातल्या बहुतेकांत बोलणारी व्यक्ती स्वतःचा नाही, सहकाऱ्याचा अपमान सांगते; ते धरायचं की नाही, याबद्दल कोडबुकात ओळच नाही.

व्याख्या दुरुस्त केल्यावर नवे उतारे घ्यावेत असं वाटतं, कारण चर्चा झालेल्या उताऱ्यांवर पुन्हा मोजलं तर आकडा फुगणारच. पण इतक्या दुर्मीळ कोडसाठी किती घेता? कोड असण्याची शक्यता असलेले उतारे मुद्दाम जास्त निवडले तर कप्पाही बदलतो, मग अहवालात ते कसं मांडता? सोबत ग्वेटचा एसी१ (एकमताचंच दुसरं माप, दुर्मीळ कोडमुळे कप्पाइतकं न पडणारं) दिला तर परीक्षकांना चालतो का?

आणि मतभेद मिटवायच्या बैठकांचे तास मानधनात धरून घेता ना? काही ठिकाणी फक्त कोडिंगचेच मोजतात.