शब्दचर्चा : ‘गॉथिक हॉरर’ला मराठीत काय म्हणाल?

धुकट : आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात हॅमर या ब्रिटिश कंपनीचा १९५८चा ‘ड्रॅक्युला’ दाखवतोय. पत्रकासाठी दोन ओळी मराठीत हव्यात आणि मी पहिल्याच शब्दावर अडलोय. ‘भयपट’ आहेच, पण त्याने आजच्या प्रेक्षकाला दर पाच मिनिटांनी दचकवणारा सिनेमा आठवतो. हॅमरचे सिनेमे तसे नाहीत. घोडागाडी येते, किल्ल्याचं नाव निघताच गुत्त्यातली माणसं गप्प होतात, मग मेणबत्त्या, मखमल, जिना. भीती वाटते, पण गोधडीत बसून गोष्ट ऐकताना वाटते तशी. मला पंचवीस वर्षं हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात ते त्यासाठीच. या भीतीला विशेषण कुठलं? भयाण, भेसूर की भीषण?

चौसोपी : तिन्ही नाहीत. ‘भीषण’ वर्तमानपत्रांनी नेला. अपघात भीषण, दुष्काळ भीषण, पाणीटंचाईसुद्धा भीषण. ‘भेसूर’ मुख्यतः आवाजाचा आणि चेहऱ्याचा शब्द, कोल्हे भेसूर ओरडतात. ‘भयाण’ जागेला नि शांततेला लागतो, पण त्यात माणसाचा वावर नसणं गृहीत आहे. आणि हॅमरचा किल्ला भयाण नसतोच, तीच तर गंमत. तो पाहुणा ड्रॅक्युलाकडे पोचतो तेव्हा टेबलावर जेवण मांडलेलं, शेकोटी पेटलेली. कुठे जळमट नाही. बर्नार्ड रॉबिन्सन या कलादिग्दर्शकाने घर असं सजवलंय की राहायला जावंसं वाटावं. ‘भयंकर’ आणि ‘भयानक’ यांचं तर विचारूच नका. ‘भयंकर गोड आहे हो तुमचा नातू’ म्हणतो आपण.

तळकोकणी : एक विनंती. पत्रकात ड्रॅक्युलाला ‘वेताळ’ म्हणू नका. हा घोटाळा जुना आहे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा मथळ्यातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. वास्तविक आपला वेताळ कुणाचं रक्त पीत नाही. प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि राजाला कोडी घालतो, एवढंच. आणि आमच्याकडे तो भूतही नव्हे, देव. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात असं मानतात. गोव्यात आमोण्याचा बेताळ तसाच. त्याला लंडनच्या सिनेमातल्या सरदारासारखी झगा घालून बायकांच्या खिडकीशी घुटमळायची सवय नाही! ‘रक्तपिपासू’ म्हणा, नाहीतर सरळ व्हॅम्पायर ठेवा.

धुकट : चूक कबूल. कच्च्या मसुद्यात ‘वेताळ’ होतं. खोडलं.

टेम्सकाठ : मी इंग्लंडात विंडसरच्या बाजूला राहते. हॅमरचा ब्रे स्टुडिओ इथून जवळच, नदीकाठी. स्टुडिओ म्हणजे मुळात जुना बंगलाच. जागा कमी, पैसे त्याहून कमी, म्हणून तेच दिवाणखाने रंग बदलून पुढच्या सिनेमात यायचे. पण तुमच्या प्रश्नात मला एक शब्द घालायचाय : रंग. १९५७च्या ‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’पासून रक्त लाल झालं. त्याआधीची गाजलेली भुतं बहुतेक काळीपांढरी. इथे १९५१पासून प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र होतं आणि कंपनीने ते लपवण्याऐवजी मिरवलं. १९५५च्या एका सिनेमाच्या नावातलं ‘एक्सपेरिमेंट’ मुद्दाम ‘एक्स’पासूनच लिहिलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी रांगा लावल्या. पुढे १९६८मध्ये याच कंपनीला निर्यातीबद्दल राणीच्या नावाचा पुरस्कार मिळाला!

शब्दांचीच चर्चा आहे म्हणून : इथल्या सिनेमातल्या नकली रक्ताला ‘केन्सिंग्टन गोर’ म्हणतात. लंडनमध्ये त्या नावाचा रस्ता आहे, अल्बर्ट हॉलसमोरचा. ‘गोर’ म्हणजे सांडलेलं रक्त, त्यावरून केलेला विनोद. रस्त्याच्या नावातला ‘गोर’ मात्र वेगळा, जमिनीचा त्रिकोणी तुकडा.

शिवणटिप : ताई, तो गोर मला माहीत आहे! शिलाईत घागऱ्याला घेर यावा म्हणून वर निमुळता, खाली रुंद तुकडा जोडतात, त्याला इंग्रजी पुस्तकांत गोरच म्हणतात. आपण ‘कळी’ म्हणतो. म्हणजे त्या रक्ताचं मराठी नाव ‘केन्सिंग्टन कळी’ व्हायला हरकत नाही.

बाकी मला हे सिनेमे भीतिदायक वाटतच नाहीत. १९६०च्या ‘ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’मधलं वटवाघूळ पाहून मी इतकी हसले की घरचे बघायला आले.

चौसोपी : वटवाघळाला माफी नाही, मान्य. पण त्या वटवाघळाकडे नट पीटर कुशिंग कसा बघतो ते पाहा. आपण पोरखेळ करतोय अशी पुसटशी छटाही चेहऱ्यावर नाही. १९५८च्या ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी तो लांब टेबलावरून धावत जाऊन पडदा ओढतो आणि दोन शमादानं आडवीउभी धरून क्रूस करतो. त्या क्षणी त्याला ते खरं वाटत असतं, म्हणून आपल्यालाही.

आता मूळ मुद्दा. ‘हॉरर’ आलाय लॅटिन ‘होर्रेरे’वरून, म्हणजे केस ताठ उभे राहणं. त्याच मुळातला संस्कृत धातू ‘हृष्’. त्यातून आपला ‘हर्ष’ आणि ‘रोमहर्ष’. थोडक्यात, हॉरर आणि हर्ष सख्खे चुलतभाऊ आहेत. गीतेत दोघे एकाच शब्दात राहतात. पहिल्या अध्यायात अर्जुन थरथरतो तेव्हा ‘रोमहर्षश्च जायते’ आणि अठराव्यात संजय थक्क होतो तेव्हा ‘अद्भुतं रोमहर्षणम्’. अंगावर काटा तोच. तुम्हाला पंचवीस वर्षं जे वाटतंय त्याला संस्कृतने वेगळं नाव दिलंच नाही, कारण गरज पडली नाही.

धुकट : वा! पण पत्रकावर ‘रोमहर्षक’ छापलं तर लोक भारत-ऑस्ट्रेलिया सामना समजून येतील.

चौसोपी : ते आहेच. समालोचकांनी तो शब्द पार गुळगुळीत केला.

तळकोकणी : आणि ‘गॉथिक’चं काय करायचं?

चौसोपी : तसाच ठेवा. गॉथ या टोळ्यांवरून इटलीतल्या लोकांनी ती शिवी म्हणून वापरली, ‘रानटी बांधकाम’ अशा अर्थी. १७६५मध्ये होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने आपल्या किल्ल्याच्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ म्हटलं, तेव्हा शब्द इमारतीतून गोष्टीत शिरला. मुंबईकराला तो परका नाही. राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सीएसएमटी, रोज त्याखालूनच लोकल पकडतो की. ‘गूढ’ लावून बघितलं मी, पण गूढकथेत उकल हवी असते. इथे कुणाला कोडं सोडवायचं नसतं, खलनायक पहिल्या वीस मिनिटांत माहीत असतो.

टेम्सकाठ : एक सुचवू? हॅमरवाले रात्रीचे बरेच प्रसंग खर्च वाचवायला दिवसाच घ्यायचे आणि काळोख भासवायचे. त्यामुळे त्यांची रात्र कधी पुरती रात्र होत नाही. जंगल निळसर, आकाश उजळ, सावल्या स्पष्ट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजोळची संध्याकाळ आठवली. आजी म्हणायची, कातरवेळ झाली, उंबऱ्यात बसू नका.

शिवणटिप : कातरवेळ!

चौसोपी : ताईंनी मारलं. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. कातर स्वर म्हणतो तो. भीती त्या वेळेच्या नावातच आहे, पण तिने कुणी किंचाळत नाही, दिवा लावतात. शिवाय त्या सिनेमांचा सगळा हिशोब मावळतीपासून उगवतीपर्यंतचाच असतो.

धुकट : ठरलं. पत्रकाची ओळ : ‘ड्रॅक्युला (१९५८). ८२ मिनिटांची गॉथिक कातरवेळ. लाल, उबदार आणि भीतीदायक.’ छापायला पाठवतोय.

शिवणटिप : भीतिदायक. ‘ति’ ऱ्हस्व. एकटी भीती दीर्घ, समासात पहिली आली की ऱ्हस्व. मी वर बरोबर लिहिलं होतं.

धुकट : गेलं छापायला.