ताट कशामुळे लहान झालं? घरातल्या ज्येष्ठांच्या जेवणाचे अनुभव

आई गेल्यानंतर आठ महिन्यांनी बाबांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. वजन ६१ किलोवरून ५४ वर आलं होतं. मी पुण्यातच राहते, दर रविवारी त्यांच्याकडे जाते. तरी दिसलं नाही, कारण रविवारी डबा घेऊन मी जायचे आणि माझ्यासमोर ते पोटभर जेवायचे. एरवी सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि वरणाचं वरचं पाणी, रात्री चहा आणि दोन खाऱ्या. तेही ओट्याशी उभ्या उभ्या. “एकट्यासाठी कशाला पसारा?” एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, साखर, क्रिएटिनिन असं सगळं तपासून घेतलं. न ठरवता वजन उतरत असेल तर वयावर ढकलून गप्प बसू नका, असं बजावलं. तपासण्यांत काही निघालं नाही. मग आम्ही प्रथिनांचा हिशेब मांडला. उतारवयात स्नायू झडत जातात, म्हणून किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ज्येष्ठांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा लागू नाही, डॉक्टरांनाच विचारा.) बाबांना ५४ ते ६५ ग्रॅम हवी होती, पोटात जेमतेम तिशीच्या आसपास जात होती. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, २०० मिली दुधात साडेसहाच्या आसपास, हे तेव्हा पाठ झालं. डाळ वाटीच्या तळाशी राहते आणि पचायला हलकं म्हणून आपण आजी-आजोबांना वरचं पाणी वाढतो. त्या पाण्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

बाबा ७४व्या वर्षी मुगाची धिरडी घालायला शिकले. पहिल्या आठवड्यात सगळी तव्याला चिकटली, फोनवर मी “तवा नीट तापू द्या बाबा” म्हणत राहिले. आता रात्री दोन धिरडी आणि वाटीभर घरचं दही असतं, आणि शेजारच्या काकांनाही ते हाक मारतात. दोघं बसून जेवतात. वजन ५७ झालंय. धिरड्यांइतकंच श्रेय मी त्या काकांना देते.

तुमच्या घरी काय झालं? न जमलेलंही लिहा.

*

सोलापूर

सासूबाई भाकरीशिवाय न जेवणाऱ्या. वर्षभर “भाकरी गोड लागंना” म्हणून दहीभातावर आल्या होत्या. आम्हाला वाटलं, वयानं तोंडाची चव गेली. एक दिवस नातीला त्यांच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली कवळी सापडली. हिरडीला जखम झाली होती. पुन्हा खर्च नको म्हणून बोलल्या नव्हत्या. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजतं, त्यामुळे जुनी कवळी सैल होऊन घासते, हे दातांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. नवी बसेपर्यंत ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, आमटीत कुस्करलेली भाकरी, पालेभाजीचं गरगट आणि सगळ्यावर दाण्याचं बारीक कूट. हिरडीला न टोचता जेवण झालं की त्यांचा चेहराच वेगळा दिसायचा. आम्ही विचारायला हवं होतं, याची रुखरुख अजून आहे.

*

रत्नागिरी

आत्या ८१ वर्षांची. साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेते आणि आषाढी एकादशी कधी सोडलेली नाही. तीन वर्षांपूर्वी सकाळी नेहमीसारखी गोळी घेतली आणि वर फक्त चहा. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरणं, बोलणं तुटक. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. शेजाऱ्यांच्या यंत्रावर साखर ४८ आली. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागेवर आलं. तरीही दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा घसरू शकते.

उपास सोड म्हटलं असतं तर तिने आमच्याशी बोलणं टाकलं असतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं. म्हणून आता एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची गोळी ठरवतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, तो बाजूला ठेवला. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, आणि हे सगळं थोडं थोडं, चार वेळा. पहिल्या वर्षी तिने विचारलं, “इतक्यांदा खाल्लेलं चालेल ना रे विठ्ठलाला?” मी म्हटलं, “आत्ये, तू चक्कर येऊन पडलेली त्याला चालेल का?” तेव्हापासून खाते.

*

नागपूर

मी स्वतः ७६ वर्षांचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे. मे महिन्यात न्हाणीघरात भोवळ येऊन पडलो, नशिबाने हाड मोडलं नाही. कारण साधं होतं, पाणी कमी. या वयात शरीराला पाणी हवं असलं तरी तहान तेवढी लागत नाही. आता डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी सकाळीच दोन तांब्यांत भरून ठेवतो, संध्याकाळपर्यंत संपवतो. हृदयाच्या रुग्णांनी असं परस्पर करू नये. आणि धागा काढणाऱ्या ताई, बाबांना खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसायला सांगा, आधाराला कुणी जवळ असू द्या. मी दहापासून सुरुवात केली. नुसत्या प्रथिनांनी पायात बळ येत नाही.

*

बडोदा

आई पूर्ण शाकाहारी, बारा वर्षं मेटफॉर्मिन. तळपायांना मुंग्या, तोल जाणं. आम्ही मधुमेहामुळेच धरून चाललो होतो. तपासलं तर बी-१२ फारच कमी. वयामुळे पोटातलं आम्ल कमी होऊन शोषण घटतं, त्या गोळीमुळेही घटतं, आणि आहारात दूध-दह्याखेरीज ते नव्हतंच. इंजेक्शनांनी तोल सुधारला, मुंग्या थोड्या राहिल्या. दोन वर्षं आधी तपासलं असतं तर, असं वाटतं.

*

म्हापसा

बाबांना अर्धांगवायूनंतर भातापेक्षा पाण्याचाच ठसका लागायचा. पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं. त्यांनी दाखवली तेवढी दाट पेज, बाबांना ताठ बसवून, चमच्याने. जेवल्यावर अर्धा तास आडवं करत नाही. घाई केली की ठसका येतोच, म्हणून त्या वेळी घरात टीव्ही बंद असतो.

*

पुणे, पुन्हा मीच

सोलापूरच्या ताईंचं वाचून आज बाबांना थेट विचारलं, फुटाणे तसेच का पडून राहतात? डावीकडची दाढ दोन वर्षं हलतेय म्हणाले. गुरुवारची वेळ घेतली आहे.