मदत हवी आहे : बीएमटीनंतर (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) टी-पेशी वाढेनात, डोनरचाच थायमस देता येतो का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच विचारायचंय.

धाकट्या भावाला (वय ३८) एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. केमोने रेमिशन आलं, म्हणजे आजार मागे हटला, पण ट्रान्सप्लांटशिवाय ते टिकणार नाही असं सांगितलं. पूर्ण जुळणारा डोनर मिळाला नाही, म्हणून हाफ मॅच, आणि डोनर मी. (सगळे विचारतात म्हणून सांगते, हाडबीड कापत नाहीत. पाच दिवस इंजेक्शनं, त्यात कंबर ठणकते, मग काही तास मशीनला जोडून पेशी काढतात. दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत होते.)

आज डे प्लस ८६, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतरचा ८६वा दिवस. सतराव्या दिवशी रक्तपेशींचे काउंट चढले तेव्हा पेढे वाटले आम्ही. कायमेरिझमही १०० टक्के, म्हणजे त्याच्या अंगात आता माझंच रक्त तयार होतंय. पण सीडी४ (संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींचा एक प्रकार) अवघे ९४. सीएमव्ही नावाच्या विषाणूने दोनदा डोकं वर काढलं, आणि त्यावरच्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी पुन्हा खाली. अंगावर थोडं पुरळ आहे, ते जीव्हीएचडीचं, म्हणजे डोनरच्या पेशी त्याच्याच अंगावर उलटतात त्याचं. त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस चालू आहे. डॉक्टर म्हणतात, टी-पेशींना वेळ लागतो, वर्षही लागेल. त्यांच्यासमोर बसलं की माझे निम्मे प्रश्न विसरतात.

झोप येत नाही म्हणून वाचत बसते. मला समजलं ते असं : मॅरोतून (अस्थिमज्जेतून) निघालेल्या कच्च्या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमसमध्ये जातात आणि तिथे आपलं कोण, परकं कोण हे शिकून टी-पेशी होतात. टी हे अक्षर थायमसचंच. जपानच्या कान्साई मेडिकल युनिव्हर्सिटीत सुसुमु इकेहारा यांच्या गटाने उंदरांना मॅरोबरोबर त्याच डोनरचा थायमसही बसवला. टी-पेशी भरभर वाढल्या, जीव्हीएचडी सौम्य राहिली, ट्यूमरवरही मारा चांगला झाला.

तेव्हापासून डोक्यात एकच. मॅरो माझा, मग थायमसचा तुकडा माझा का नको? वय ४६, बीपी-शुगर काही नाही. माणसांत असं कुठे करतात का? जाणकारांनी सांगावं. वेडेपणा वाटला तर तसंही सांगा.

– मोगरा_७

निवृत्त_स्लाइडवाला :
ताई, वेडेपणा नाही, पण तुमचा थायमस उपयोगाचा नाही. वयात आल्यापासून तो आक्रसत जातो, तुमच्या वयाला बराचसा चरबी झालेला असतो. त्यासाठी छाती उघडणं कोणताही सर्जन मान्य करणार नाही.

माणसांत थायमस बसवतात, पण वेगळ्या आजारात. जन्मतः थायमसच नसलेली बाळं असतात. दुसऱ्या बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना वाट मोकळी करायला थायमसचा भाग काढावाच लागतो. तो टाकून न देता पातळ कापून दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत ठेवतात आणि आजारी बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. अमेरिकेत ड्यूकच्या डॉ. लुईस मार्कर्ट यांनी यात आयुष्य घातलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या औषध नियामक एफडीएने मान्यता दिली, तीही फक्त त्या बाळांसाठी. आणि तिथेही टी-पेशी दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे आज बसवला तरी भावाला उद्या फायदा नाही.

शिवाय त्या बाळांकडे परकी ऊती झिडकारायला टी-पेशीच नसतात. तुमच्या भावाकडे थोड्या का होईना, तुमच्या आहेत. तिसऱ्याच कुणाचा तुकडा त्या सुखासुखी राहू देतील असं मला वाटत नाही. उंदरांत डोनर एकच होता, खरी मेख तिथे आहे.

त्याचा स्वतःचा थायमस केमोने आणि जीव्हीएचडीने मार खाल्लेला असतो, पण बऱ्याचदा हळूहळू सावरतो. तो कामाला लागला का हे ट्रेक नावाच्या रक्तचाचणीत कळतं. ती तुमच्याकडे होते का ते विचारा.

सदाफुली :
मोगरा, माझ्या लेकाचं थॅलेसेमियासाठी झालं, मी डोनर. आम्हालाही सीडी४ने रडवलं होतं. पहिलं म्हणजे प्रश्न वहीत लिही आणि वहीच डॉक्टरांपुढे ठेव. सीएमव्ही पीसीआर किती दिवसांनी, इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडं) किती, टॅक्रोलिमस कधी उतरवणार, लसी पुन्हा कधी सुरू. घरात कच्ची कोशिंबीर, बाहेरचं पाणी, भेटायला येणारे, सगळं बंदच असेल.

आणि घरात लहान मूल आहे का? पोलिओचे थेंब ही जिवंत लस असते. थेंब घेतलेल्या बाळाच्या शीतून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. आम्हाला पुतणीपासून लांब राहायला सांगितलं होतं.

मोगरा_७ :
दोघांचे आभार. थायमसचा विषय डोक्यातून काढला. म्हणजे काढतेय.

सदाफुली, त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. आत्तापर्यंत सांगलीला आजीकडे होती, परवा त्याला भेटायला आणायचं ठरलंय. रविवारीच तिला थेंब पाजलेत. आईला फोन लावतेय, मग डॉक्टरांना. किती आठवडे थांबायला सांगितलं होतं तुम्हाला?