सर्टिफिकेट बदललं, पण जुनं रिव्होक (मुदतीआधी रद्द) केलं नाही. चालेल का?

रातपाळी:
आमच्या साइटच्या टीएलएस सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याचा दाखला) प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, चुकून कोडसोबत पब्लिक रिपॉझिटरीत गेली. दोन दिवस तिथेच होती. कळल्यावर फाइल काढली आणि नवीन सर्टिफिकेट घेऊन सर्व्हरवर चढवलं. ब्राउझरमध्ये नवी तारीख दिसते. सहकारी म्हणतात, जुनं आपोआप बाद झालं. मला ते पटत नाही. जुन्याची मुदत अजून दोन महिने आहे. काय करू?

कुलूपकिल्ली:
तुमची शंका बरोबर आहे. बदललं ते फक्त तुमच्या सर्व्हरवर. जुन्यावरची सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) सही मुदत संपेपर्यंत खरीच राहते. ती की ज्याच्या हाती लागली तो कुणाचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) फिरवून तुमच्या नावाने साइट उभी करेल, आणि ब्राउझर हूं की चूं करणार नाही.

त्याआधी एक सांगा, नवीन घेताना सीएसआर (सर्टिफिकेट मागण्याची फाइल, तिच्यात पब्लिक की असते) नवी केलीत की जुनीच पाठवलीत? जुनी असेल तर नव्यातही तीच फुटलेली की आहे. एप्रिल 2014 मध्ये हार्टब्लीड (सर्व्हरमधून की फुटू शकेल असा दोष) उघड झालं तेव्हा बऱ्याच जणांनी नेमकं हेच केलं होतं. दोन्ही सर्टिफिकेटांतली पब्लिक की (गुप्त कीची उघडी जोडीदार) काढून शेजारी ठेवून पाहा.

रातपाळी:
पाहिली. अक्षर न् अक्षर तीच. सीएसआर जुनीच होती.

कुलूपकिल्ली:
मग नवी की, नवी सीएसआर, तिसरं सर्टिफिकेट. ते नीट चालतंय याची खात्री झाली की आधीची दोन्ही रिव्होक करा. कारण विचारतील तिथे 'की कॉम्प्रोमाइज' निवडा. 'सुपरसीडेड' म्हणजे नुसतं बदललं, आणि तुमच्याकडे तर की फुटली आहे. हे कारण दिलं की सीएला 24 तासांत रद्द करावंच लागतं. तरी रिव्होक केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. क्रोम रद्द झालेल्यांची अख्खी यादी जवळ ठेवत नाही, निवडक नोंदीच ठेवतो. सर्टिफिकेटांच्या मुदती कमी करत 2029 पर्यंत 47 दिवसांवर आणायचं ठरलंय, त्यामागे हेही एक कारण आहे.

सहावा_मजला:
गिटमधून (कोड ठेवायच्या रिपॉझिटरीतून) फाइल काढली तरी ती जुन्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या जुन्या नोंदीत, असतेच. आणि रिव्होक करण्याआधी तीच की मेल सर्व्हरवर आहे का ते बघा.

रातपाळी:
मेल सर्व्हरवर होती! तिथेही नवीन चढवलं, मग दोन्ही रिव्होक केली. आता सीआरएलमध्ये (सीएच्या रद्द सर्टिफिकेटांच्या यादीत) दोन्हींचे सिरियल नंबर दिसतायत.