टेनिस: फोरहँड कधी जाळ्यात, कधी बाहेर

प्रश्न: बास्केटमधून चेंडू टाकले की फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) नीट बसतो. रॅलीत (चेंडू सलग इकडून तिकडे चालू असताना) मात्र चौथा-पाचवा फटका जाळ्यात, नाहीतर बेसलाइनबाहेर, म्हणजे मागच्या रेषेपलीकडे. ग्रिप (रॅकेटची पकड) सेमी-वेस्टर्न, म्हणजे तळहात थोडा मुठीखाली; उजवा हात. काय तपासू?

उत्तर १: ग्रिपला हात लावू नका, पाय बघा. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्याच क्षणी छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप. टप्पा पडायच्या आत खांदे वळलेले हवेत, डावा हात रॅकेटच्या गळ्यावर. तो हात लवकर सुटला की खांदे अर्धवटच वळतात. मग चेंडू पुढच्या पायासमोर न लागता अंगाशी लागतो आणि मनगट फिरवून सावरावं लागतं. ते दर वेळी सारखं कसं जमणार?

उत्तर २: वरच्याशी सहमत, पण लक्ष्यही चुकत असेल. जाळं मध्यावर ९१.४ सेंमी, खांबांपाशी १०७. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, मारलात तर चेंडू बुटक्या भागावरून जातो, शिवाय एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सरळ रेषेपेक्षा सुमारे १.४ मीटर लांब. जाळ्यावरून मीटरभर उंची ठेवा. रॅकेटचं डोकं आधी चेंडूच्या खाली, मग वर घासत. टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) असेल तरच तो चेंडू आत पडतो.

सराव: ७० टक्के जोर, सलग २० क्रॉसकोर्ट. एक चुकला की पुन्हा शून्यापासून. (चिडचिड होते, होऊ द्या.)

उत्तर ३: मूठही बघा. रॅली लांबली की नकळत आवळली जाते, रॅकेटचं डोकं मंदावतं, फिरकी जाते. दोन फटक्यांमध्ये रॅकेटचं वजन डाव्या हातावर द्या.